समस्त ग्रामस्थ

पितांबर नानांनी ग्रामपंचायतीचा उमेदवारी अर्ज भरला, तेव्हा सारवदे गावात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. अमळनेरच्या एका तेलाच्या गिरणीत एकतीस वर्षं टाइमकीपरचं काम करून ते दोन वर्षांपूर्वी गावी परत आले होते. अक्षर मोत्यासारखं, बोलणं मोजकं. कुणाला तहसीलला अर्ज लिहायचा असला, मुंबईला गेलेल्या पोराला पत्र घालायचं असलं, की माणसं नानांच्या ओट्यावर येऊन बसत. असा माणूस पंचायतीत हवाच, असं सगळेच म्हणत. फक्त जीवरामच्या विरोधात ते उभे राहतील, हे कुणी धरलं नव्हतं.

नव्वद सालचा जानेवारी होता. दिल्लीतलं सरकार नुकतंच बदललं होतं आणि पारावर दोन महिने त्याचीच चर्चा चालू होती. देशाचं वाटोळं कुणी केलं, आता कोण सावरणार, यावर माणसं चहा गार होईपर्यंत भांडत. आपल्या गावात कोण बसणार यावर मात्र कुणी भांडलं नाही. जीवराम पाच वर्षं उपसरपंच होता, आता सरपंच होणार, हे जसं ठरूनच गेलं होतं.

जीवराम वाईट माणूस दिसत नसे. रस्त्याच्या खडीची आणि शाळेच्या बांधकामाची ठेकेदारी करायचा. लग्न कुणाचंही असो, त्याचा ट्रॅक्टर वऱ्हाडाला फुकट मिळे. मयताला लाकडं कमी पडली तर त्याच्या खळ्यातून येत. पण नानांना एक गोष्ट ठाऊक होती. पिण्याच्या पाण्यात टाकायच्या टीसीएल पावडरच्या बारा पिशव्या वर्षभरात पंचायतीच्या कागदावर आल्या होत्या, आणि गावात आल्या होत्या दोन. हे त्यांना छगनने सांगितलं होतं. छगन हा बौद्धवाड्यातला, पंचायतीचा शिपाई. टाकी भरणं, नळाला पाणी सोडणं, पावडर टाकणं ही त्याची कामं. पावडर असेल तेव्हा तो टाके, नसेल तेव्हा नुसतं पाणी सोडे.

नानांनी अर्ज भरला तो त्या दहा पिशव्यांसाठी. त्यांच्या मागोमाग आणखी चौघांनी भरला. अर्ज मागे घ्यायची मुदत संपायच्या आदल्या दिवशी दुपारी वना आबा पाच-सहा जणांना घेऊन नानांच्या ओट्यावर आले. वना आबा गावातले सगळ्यात जुने. त्यांचा शब्द सहसा कुणी खाली पडू देत नसे.

"नाना," आबा म्हणाले, "मागना टाइमले निवडणुकमा दोन डोका फुटनात. सहा महिना कोर्टना चकरा व्हयन्यात. आते पुन्हा तेच करानं का? गावनी ठरावं शे, बठ्ठ्या नऊ जागा बिनविरोध. जीवराम मारुतीना सभामंडप बांधी देस म्हने."

"आबा, पावडरन्या बारा पिशव्या कागदवर उन्यात. गावमा दोन उन्यात."

आबांनी डोळे मिचकावले नाहीत की नवल दाखवलं नाही. "तुले माहीत शे ते आम्हले बी माहीत शे," ते म्हणाले. "पन तू मोठा मनना माणूस शे. तू मांगे सरकना म्हंजे ते चारी जन बी सरकतीन."

नाना आत गेले. लिलाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"काय करू?" नानांनी विचारलं.

"अर्ज भरा तवय माले इचारं नही," लिलाबाई तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "आते मांगे ली राहिनात, तवय कसाले इचारतस?"

संध्याकाळी नानांनी अर्ज मागे घेतला. त्यांच्यावर कुणी दडपण आणलं नव्हतं, कुणी काही देऊ केलं नव्हतं. पुढे त्यांनी स्वतःला हे पुष्कळदा विचारलं, की आपण का घेतला. भांडण नको हे खरं होतं. पण मोठ्या मनाचा माणूस म्हटलेलं ऐकून छातीत काहीतरी गोड वाटलं होतं, तेही खरं होतं. पारावर त्यांना हार घातला, नारळ दिला, आणि जीवरामने सगळ्यांसमोर वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

उद्या कुणी फिरू नये म्हणून आबांनी एक कागद करवला. तो लिहायलाही नानाच बसले. "आम्ही खाली सह्या व अंगठे करणार समस्त ग्रामस्थ, एकमताने व राजीखुशीने ठरवितो की," अशी सुरुवात होती. घरटी एक सही. शिक्षण असलेल्यांनी सह्या केल्या, बाकीच्यांनी अंगठे दिले. छगनने दोन मिनिटं लावून आपलं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तीनशे अकरा झाले.

फक्त नूरबीने अंगठा दिला नाही. ती बांगड्या विकायची. नवरा वारून दहा वर्षं झाली होती, मुलगा हारुन धुळ्याला पॉवरलूमवर होता, आणि मुलगी जरीना गेल्या वर्षी लग्न होऊन पारोळ्याला गेली होती. बांगड्यांची पेटी कडेला घेऊन ती पाराजवळून चालली होती, तेव्हा तिला थांबवलं.

"कागदवर अंगठा नही देसू," ती म्हणाली. "मतना दिन येऊ द्या, शाळामा जाईसन शिक्का मारसू."

"बिनविरोध व्हयनं म्हंजे मतदान नही राही, नूरबी," आबा म्हणाले.

"मंग मन्हं मत कोठे गयं?"

जीवराम हसत पुढे आला. "मावशी, तुन्हं मत मन्हाजोडे शे. काळजी नको करू."

"माले न इचारता?"

सगळे हसले. नानाही हसले. नूरबी पेटी सावरून निघून गेली आणि कुणी तिला पुन्हा विचारलं नाही. तीनशे अकरा पुष्कळ झाले होते.

मे महिन्यात नदीतल्या विहिरीचं पाणी तळाला गेलं. चार दिवसांआड नळ येऊ लागला. मारुतीच्या मागच्या बोळात पाण्याचा पाइप गटारातून जात होता आणि तिथे तो फुटला होता. पाणी सुरू असे तोवर ते बाहेर उडे. पाणी बंद झालं की गटारातलं आत ओढलं जाई. हे छगनला कळत होतं. तो ग्रामसेवकाकडे गेला. ग्रामसेवक आठवड्यातून दोनदा यायचा, तो म्हणाला सरपंचांना सांग. तो जीवरामकडे गेला. जीवराम म्हणाला, सभामंडपाचा स्लॅब पडू दे, मग बघू.

शेवटी छगन नानांच्या ओट्यावर आला.

"नाना, एक अर्ज लिखी द्या. पाइप गटारमा फुटेल शे, पावडर नही. मी तोंडवर सांगी सांगी थकनू. कागदवर ऱ्हायनं म्हंजे बरं."

नानांनी अर्ज लिहिला. तारीख घातली, सात मे. मध्ये कार्बन ठेवून नक्कल काढली. छगनने सही केली. मूळ अर्ज पंचायतीत दिला, पोच म्हणून नकलेवर शिक्का घेतला आणि ती नक्कल नानांकडेच ठेवायला दिली. बौद्धवाड्यातल्या त्याच्या घराच्या पत्र्याखाली कागद टिकत नसत.

आठ दिवस गेले. उत्तर आलं नाही. नानांच्या मनात एकदा आलं, की नक्कल घेऊन अमळनेरला पंचायत समितीत जावं. सकाळच्या एसटीने गेलं तर दुपारी परत येता आलं असतं. त्यांनी टोपीही घातली होती. मग वाटलं, आपणच बिनविरोध केलं, आपणच हार घालून घेतला, आणि आता आपणच वर तक्रार घेऊन जायचं? लोक काय म्हणतील? त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली.

पहिला रोगी वीस तारखेला झाला, चार वर्षांचा एक पोरगा. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी मोजायला कुणी शिल्लक राहिलं नाही, प्रत्येक गल्लीत कुणी ना कुणी ओकत होतं, नाहीतर परसाकडे धावत होतं. आरोग्य केंद्रातल्या सलाईनच्या बाटल्या दुपारीच संपल्या, मग अमळनेरहून आणखी आणवल्या. डॉक्टर आणि नर्स शाळेच्या वर्गात माणसं जमिनीवर झोपवून, खिडकीच्या गजांना सुतळीने सलाईन बांधत होते. नाना आणि लिलाबाई पाणी उकळून घरोघर देत होते. नानांना एखाद्या घरात ओळखीचं मूल दिसलं, की ते तोंड फिरवत.

जरीना बाळंतपणासाठी आईकडे आली होती. आठवा महिना होता. तिला सकाळी उलट्या-जुलाब सुरू झाले आणि दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. नूरबीने हाक मारली तर तिला ओ देता येत नव्हतं. जीवरामने स्वतः ट्रॅक्टर काढला. ट्रॉलीत गादी टाकली, तिला उचलून वर ठेवलं, आणि अमळनेरची वाट धरली. तो दोन दिवस झोपला नव्हता, गावातल्या चाळीस माणसांना त्याने असंच नेलं होतं. नूरबी ट्रॉलीत मुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. नाना शेजारी सलाईनची बाटली धरून होते. दवाखान्याच्या फाटकात पोचायच्या आधीच जरीना गेली. डॉक्टरांनी पोटावर नळी लावून पाहिलं आणि मान हलवली.

एकूण सहा माणसं गेली. तीन मुलं, दोन म्हातारे आणि जरीना. जीवरामच्या घरात कुणाला काही झालं नाही. त्यांच्या वाड्यात स्वतःची विहीर होती.

जरीनाच्या दफनानंतर तिसऱ्या दिवशी गाव पारावर जमलं. कुणी बोलावलं नव्हतं. ज्या पोरांनी रात्री जागून म्हाताऱ्यांना उचललं होतं, ती आता शिव्या देत होती. जीवरामच्या दारावर चार-पाच दगड पडले. सभामंडपाच्या बांधकामावरच्या फळ्या कुणीतरी ओढून काढल्या. मग जीवराम आपणहून बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळे लाल, हातात घडी घातलेला कागद.

"मारा," तो म्हणाला. "मारानं व्हई तर मारा. पन पहिले हाऊ कागद देखा." त्याने कागद उलगडला. "मी कोनाजोडे मत मांगाले गऊ व्हतू? तुम्ही माले खुर्चीवर बसाडं. पिशव्या कितल्या उन्यात ते कोनले माहीत नव्हतं? आबा, तुमले माहीत नव्हतं? नाना, तुमले?"

त्याने कागद सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"तीनशे अकरा शेतस. माले पोलिसमा द्यानं व्हई तर द्या. मंग बठ्ठास्नी चला."

नाना पाराच्या कडेला उभे होते. कागदावरचं अक्षर त्यांचं होतं. लांबूनही ते त्यांना वाचता येत होतं. जीवराम पापातून सुटायला बोलत होता हे त्यांना दिसत होतं, आणि तरी तो जे बोलत होता त्यात खोटं काय, ते त्यांना सापडत नव्हतं.

राग तर सगळ्यांच्या अंगात होता, पण तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. हात वर उचलावा तर तिथे आपलाच अंगठा. मग मागून कुणाचा तरी आवाज आला.

"पानी कोन सोडे?"

दुसरा म्हणाला, "छगन."

"त्याले माहीत व्हतं पाइप फुटेल शे."

"तरी सोडे."

"त्याना हातनं पानी. पहिलेच सांगं व्हतं मी, त्याले ठेवू नका."

ही शेवटली गोष्ट आजवर कुणी उघड बोललं नव्हतं. आता एकाने बोलल्यावर दहा जणांना ती सुचली. नानांना पुढे जाऊन सांगायचं होतं, की छगनने अर्ज दिलाय, सात तारखेला, माझ्याकडे नक्कल आहे. शब्द तोंडात तयार होते. पण ते बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, की नक्कल तुझ्याकडे होती तर तू काय केलंस? गर्दी बौद्धवाड्याच्या दिशेने वळली. नाना दुसऱ्या बाजूने घरी आले आणि त्यांनी दाराला कडी घातली.

"कसाना गलका शे?" लिलाबाईंनी विचारलं.

थोड्या वेळाने पळत आलेली पावलं ऐकू आली. दारावर थाप पडली.

"नाना! नाना, दार उघाडा! मी छगन!"

नाना दाराशी उभे होते. हात कडीवर होता. लिलाबाई पुढे झाल्या, तर नानांनी त्यांना दुसऱ्या हाताने मागे सारलं. आणखी दोन थापा पडल्या. मग पुष्कळ पावलं एकदम आली, आणि त्यानंतर जे ऐकू आलं ते कडी काढण्यासारखं राहिलं नव्हतं.

छगन मेला नाही. त्याचा एक हात आणि दोन बरगड्या मोडल्या. पोलिस आले, त्यांनी त्यालाच आधी जीपमध्ये घातलं. पंचायतीने निष्काळजीपणाचा ठपका ठेवून त्याला कामावरून काढण्याचा ठराव केला. नऊच्या नऊ सदस्यांच्या सह्या झाल्या. मारणारं कोण होतं, हे पोलिसांनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, गाव होतं. दवाखान्यातून सुटल्यावर छगन बायकोपोरांना घेऊन दीपनगरला मेहुण्याकडे गेला.

नाना जेवत होते, झोपत होते, पण लिलाबाई त्यांच्याशी बोलत नव्हत्या. विचारलं तेवढ्याचं उत्तर देत. आठव्या दिवशी नाना नूरबीकडे गेले. जरीना गेल्यापासून ते तिच्या दारात गेले नव्हते. नूरबी उंबऱ्यात बसली होती. तिने त्यांना बसायला सतरंजी सरकवली.

नूरबी म्हणाली, "नाना, मी अंगठा दिन्हा नही. मंग मन्ही पोर कसाले गई?"

नाना खाली बघत राहिले.

"छगन माले सांगे, तुम्ही त्याले अर्ज लिखी दिन्हा व्हता."

"दिन्हा व्हता."

"मंग ती नक्कल ली तुम्ही कोठे गयात?"

"कोठेच नही."

नूरबीने मान हलवली. ती चिडली नाही. "मी बी घरमाच बठेल व्हती," ती म्हणाली. "अंगठा नही दिन्हा, इतलंच. तेवढामा माले वाटनं, मन्हं काम व्हयनं. पाइप फुटेल मी रोज देखू. येता-जाता देखू. वरतून हंडा भरीसन आनू."

"माले माफ कर, नूरबी."

"मी काय माफ करू, नाना? तुम्ही मन्हा एकलीना गुन्हा करा का?" ती आत बघत म्हणाली. आत खुंटीवर जरीनाचा बुरखा होता. "तुमले हलकं व्हवानं शे. ते मन्हाजोडे नही."

जूनच्या पहिल्या आठवड्यात जिल्ह्याहून चौकशी अधिकारी आले. शाळेच्या त्याच वर्गात टेबल टाकलं. एकेक जण आत जाऊन जबाब देत होता. सगळ्यांचा जबाब थोड्याफार फरकाने एकच होता, पाणी छगनने सोडलं. दुपारी नाना आत गेले. त्यांनी नक्कल टेबलावर ठेवली. साहेबांनी शिक्का पाहिला, तारीख पाहिली, मग नानांकडे पाहिलं.

"हे आजवर कुठे होतं?"

"माझ्या ट्रंकेत."

"आणि छगनला मारलं त्या दिवशी?"

"ट्रंकेतच होतं, साहेब. आणि मी घरात होतो. तो माझ्या दाराशी आला होता. मी दार उघडलं नाही. हेही लिहून घ्या."

साहेब थांबले. "त्याचा या चौकशीशी संबंध नाही."

"आहे साहेब. मी अर्ज मागे घेतला म्हणून जीवराम बसला. तो काय आहे हे मला माहीत होतं. पावडरचं माहीत होतं. गावाचा कागद मी लिहिला. माझं नाव घाला."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. ते वयाने लहान होते, चेहऱ्यावर थकवा होता. "आजोबा," ते म्हणाले, "सरपंच जबाबदार, ग्रामसेवक जबाबदार, कर्मचारी जबाबदार. एवढ्यांचीच नावं मी लिहू शकतो. निवडून देणाऱ्याला आरोपी करायचं ठरवलं तर मग मला कुठेच थांबता येणार नाही. तुमच्या गावातही नाही, आणि वरही नाही."

"मग आम्ही कोण?"

"तुम्ही साक्षीदार," साहेब म्हणाले. "सही करा."

त्या नकलेमुळे छगनचं नाव चौकशीतून निघालं. त्याला परत कामावर घ्यावं असा हुकूम झाला. ग्रामसेवक निलंबित झाला. जीवरामने राजीनामा दिला. वरच्या लोकांनी त्याला तसं सुचवलं म्हणत. खटला व्हायचा होता, तो पुढे झालाच नाही.

नानांच्या ओट्यावर माणसं येईनाशी झाली. दुकानात गेले तर बोलणं थांबे. "एकला शहाणा," असं मागून ऐकू येई. जरीनाचा चाळिसावा दिवस झाल्यावर नूरबी घराला कुलूप लावून हारुनकडे धुळ्याला निघून गेली, ती परत आली नाही. त्या संध्याकाळी लिलाबाई आपणहून म्हणाल्या, "छगनले आनाले कोन जाई?"

"मी जास," नाना म्हणाले.

दीपनगरला छगन वीज केंद्राच्या कंत्राटदाराकडे राख भरायच्या कामावर लागला होता. मोडलेला हात नीट बसला नव्हता, कोपरातून वाकडा दिसत होता. त्याने नानांना पाहिलं आणि काही न बोलता खाट टाकली. बायकोला चहा ठेवायला सांगितला. नानांनी हुकुमाचा कागद दाखवला.

"चल गावले. आते कोनी काही बोलाव नही."

छगनने कागद वाचायचा प्रयत्न केला नाही. "त्या दिन बठ्ठा गाव व्हता, नाना," तो म्हणाला. "कोन कोन व्हतं ते माले दिसनं नही. मी दोन्ही हातस्मा डोकं धरेल व्हतं. आते मी गावमा उनू, तर जो भेटी त्याना हातकडे देखसू. चहा दिन्हा तरी हात देखसू. असं कसं ऱ्हावानं?"

"छगन, त्या दिन मी आत व्हतू. तुन्हा आवाज माले उना."

"माहीत शे. दारखाले तुमना पाय दिसनात माले."

चहा आला. नानांना तो घेता येईना. छगनच्या बायकोने एकदा नवऱ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ती बाहेर गेली.

"मी तुमले दोष देवाले नही सांगी राहिनू," छगन म्हणाला. "मी बी त्या कागदवर सही करी व्हती. पिशव्या दोनच उन्यात ते मन्हापेक्षा कोनले माहीत? नोकरी जाई म्हनीसन करी. पन करी ना?"

"तुन्ही आनि मन्ही गोष्ट एक नही, छगन."

"नही व्हई. पन ते सहा जनस्ले काय त्यानं?"

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "जीवरामनी जागा खाली व्हयनी म्हने?"

"पोटनिवडणूक शे. मी उभा राहिनू. या टाइमले मांगे नही लेसू. तुन्हं नाव यादीमा शे, मतले ये."

छगनने खाटेखालून एक वही काढली, तिचं एक कोरं पान फाडलं आणि नानांपुढे ठेवलं. "एक अर्ज लिखी द्या," तो म्हणाला. "मन्हं आनि मन्ही बायकोनं नाव सारवद्यानी यादीमाईन काढी टाका म्हना. आते त्या गावमा जे व्हई, ते मन्हं नको."

नानांनी त्याला समजवायचा प्रयत्न केला. नाव काढल्याने काय होणार, पोरांच्या दाखल्यांना अडचण येईल, असं सगळं सांगितलं. छगन ऐकत राहिला आणि पानावरचं बोट त्याने काढलं नाही. शेवटी नानांनी लिहिलं. छगनने वाकड्या हाताने सही केली. पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. तो त्यांना भुसावळच्या गाडीपर्यंत सोडायलाही आला, आणि गाडी सुटेपर्यंत थांबला. जाताना नमस्कार मात्र केला नाही.

तो अर्ज नानांनी तहसीलमध्ये नेऊन दिला.

पोटनिवडणूक डिसेंबरात झाली. वना आबा पुन्हा आले होते. या वेळी ओट्यावर न बसता उभ्यानेच म्हणाले, "नाना, गावमा सहा मयता व्हयन्यात. आते तरी दुही नको." नाना म्हणाले, "आबा, मतदान व्हऊ द्या." समोर जीवरामचा पुतण्या उभा होता. एकवीस दिवस नाना घरोघर फिरले. बहुतेक घरांत त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. ज्या घरातून मूल गेलं होतं त्या घरातली बाई म्हणाली, "नाना, आते इसरू द्या ना ते."

मतमोजणी शाळेतच झाली. पुतण्याला तीनशे अठ्ठ्याऐंशी मतं पडली, नानांना एकसष्ट. बाहेर फटाके लागले, गुलाल उडाला. जीवरामने गर्दीतून वाट काढत येऊन नानांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "नाना, मनमा काही ठेवू नका." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. नानांनी हात सोडवून घेतला आणि ते घरी आले.

लिलाबाईंनी ताट वाढलं. जेवताना त्यांनी विचारलं, "एकसष्ट कोन व्हई?"

"माहीत नही," नाना म्हणाले.

ते कोण असतील, हे त्यांनी कधी शोधलं नाही. तीनशे अठ्ठ्याऐंशींतले बहुतेक त्यांना घरागणिक ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना रस्त्याने निघाले, तेव्हा त्यांतले पुष्कळ जण नेहमीसारखे राम राम म्हणाले, आणि प्रत्येकाला नानांनी राम राम केला.